दंड कसा कमवावा: पलूस तालुक्यातल्या होतकरूंसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

पलूस, कुंडल, बुर्ली, दुधोंडी, आमणापूर, अंकलखोप, भिलवडी, किर्लोस्करवाडी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या ज्या तरुणांना येत्या यात्रेआधी, मित्राच्या लग्नाआधी किंवा स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सआधी दंडावर बेटकुळी आणायची आहे, त्यांच्यासाठी. पूर्वानुभव नसला तर उत्तम. अनुभवी माणूस नुसत्या दंडाच्या नादाला लागत नाही. का लागत नाही, हे सातव्या पायरीवर कळेल. तोवर शंका काढू नयेत.

लागणारं साहित्य

दोन हात. दोन्ही वापरायचे आहेत, फोटोत येणारा एकटाच नाही.
मापाची टेप एक. घरात शिलाई मशीन असेल तर आईची, नसेल तर शिंप्याची.
मित्र एक, फोटो काढायला. व्यायाम सोडताना कारणं सुचवायलाही हाच उपयोगी पडतो.
टी-शर्ट एक, नेहमीपेक्षा एक माप लहान.
दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी: घरच्यांना परवडेल तितकं.
चार महिने. जाहिरातीत तीस दिवस लिहिलेले असतात. ते विकणाऱ्याचे दिवस असतात, तुमचे नव्हेत.

पायरी १: स्नायूची ओळख करून घ्या

कोपर दुमडा, मूठ आवळा. खांदा आणि कोपर यांच्यामध्ये जो उंचवटा येतो तो बायसेप्स. येत नसेल तर नाउमेद होऊ नका. तो आहे, अजून पुढे यायला लाजतो आहे.

या स्नायूला वरच्या बाजूला दोन शिरं असतात. लांब शिर खांद्याच्या फऱ्यावर, सांध्याच्या खोबणीच्या अगदी वरून निघतं. त्याचा कंडरा दंडाच्या हाडाच्या डोक्यावरून वळसा घेतो आणि एका अरुंद खाचेतून खाली उतरतो, मोटेचा नाडा चाकावरून उतरावा तसा. आखूड शिर त्याच फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकापासून निघतं. दोन्ही खाली येऊन एक होतात, कोपर ओलांडतात आणि हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाला, म्हणजे रेडियसला, जाऊन चिकटतात. ज्या हाडावर हा स्नायू जन्मभर पडून असतो, त्या दंडाच्या हाडाला तो कुठेच चिकटलेला नसतो. काही माणसांना तिसरं शिरही असतं. त्याबद्दल वेगळा मान मिळत नाही.

आता दोन कटू गोष्टी. पहिली: कोपर दुमडण्याचं मुख्य काम बायसेप्स करतच नाही. ते त्याच्या खाली दबून राहिलेला ब्रॅकिअलिस नावाचा स्नायू करतो. त्याचं नाव कोणी टी-शर्टवर छापत नाही. दुसरी: दंडाच्या एकूण मांसात अर्ध्याहून जास्त वाटा मागच्या ट्रायसेप्सचा असतो. टेपवर आकडा वाढवायचा असेल तर तो बव्हंशी मागून वाढतो. सत्कार पुढच्याचा होतो.

आणि एक वाढीव माहिती. तुमच्या अंगावर बायसेप्स दोन नाहीत, चार आहेत. उरलेले दोन मांड्यांच्या मागच्या बाजूला आहेत. त्यांनाही दोन-दोन शिरं असतात. ते गुडघा दुमडतात आणि कंबर सरळ करायला हातभार लावतात. आरशात ते दिसत नाहीत, म्हणून नवशिक्यानं त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची प्रथा आहे.

पायरी २: जागा निवडा

तालुक्यात व्यायामाला दोन प्रकारच्या जागा आहेत. एकीत समोर आरसा असतो, दुसरीत समोर मारुती.

आरशाच्या जागेला जिम म्हणतात. तिथे गाणी असतात, थंड हवा असते आणि दर सोमवारी गर्दी असते. मारुतीच्या जागेला तालीम म्हणतात. तिथे तांबडी माती असते. तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते, आणि नवीन पोराच्या हातात पहिल्या दिवशी डंबेल न देता फावडं देतात. हौदा उकरून झाला की मग जोर, मग बैठका, मग दोर. तुम्ही विचाराल, यात बायसेप्सचा व्यायाम कुठला? वस्ताद विचारतील, "तू कुस्ती धरायला आलायस का नवरदेव बघायला?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नये.

तालमीत गेलातच तर मारुतीच्या मूर्तीकडे नवशिक्याच्या नजरेनं पाहा. द्रोणागिरी तळहातावर तोलून धरला आहे. हात वर रेटलेला आहे. वर रेटण्याच्या कामात खांदा आणि ट्रायसेप्स पुढे असतात. बायसेप्स बसून असतो. शक्तीची देवता म्हणून आपण ज्याला शेंदूर लावतो, त्यानंसुद्धा मुख्य काम बेटकुळीवर सोपवलेलं नाही.

तिसरा पर्याय फुकट आहे आणि याच मातीतला आहे. कुंडल आणि किर्लोस्करवाडी पूर्वी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या हातून ते लंडनच्या वाचकांपर्यंत गेलं. राजानं सांगितलेला व्यायाम करायला राज्य लागत नाही, सतरंजी पुरते. पण त्यातही भार मुख्यतः छाती, खांदे आणि दंडाच्या मागच्या बाजूवर येतो. राजाचाही बेटकुळीला पाठिंबा नव्हता, असं दिसतं.

पायरी ३: वजन उचला

इथे तुम्ही जिम निवडली आहे असं आम्ही गृहीत धरतो. सगळेच धरतात.

डंबेल हातात घ्या. तळहात पुढे. कोपर बरगडीशी टेकवून ठेवा. वजन वर आणा, खाली सोडा. वर आणताना जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ खाली आणताना लावा. सुटत जाणारं वजन आवरून धरणं हेही कामच असतं. कंबर मागे-पुढे झुलवून वजन वर फेकू नका. त्यात पाठीचा व्यायाम होतो, तोही चुकीचा.

आता तळहाताचं महत्त्व. डावा हात उजव्या दंडावर ठेवा, उजवं कोपर काटकोनात दुमडा आणि उजवा तळहात खाली-वर फिरवा. तळहात वर वळताना बायसेप्स टणक होतो, खाली वळताना सैल पडतो. कारण बायसेप्सचं खास काम कोपर दुमडणं नसून हात पिळून तळवा वर आणणं हे आहे. आणि ही ताकद कोपर काटकोनात असताना सर्वांत जास्त असते.

याचा पुरावा हवा असेल तर किर्लोस्करवाडीला जा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजानं कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि तिथे लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, पंप तयार होऊ लागले. शतकभर या गावात स्क्रू पिळले जात आहेत. सरळ आट्याचा स्क्रू उजव्या हातानं घट्ट करताना हात ज्या दिशेला पिळतो, ती बायसेप्सची दिशा. म्हणजे फिटरचा उजवा बायसेप्स स्क्रू लावताना कामाला येतो. डावखुऱ्याचा मात्र काढताना. डावखुऱ्यांनी यावर नाराज न होता उखडण्याची कामं मागून घ्यावीत.

ज्यांना कारखाना लांब पडतो त्यांनी भडंग खावं. मूठभर भडंग उचलून तोंडात टाकताना कोपर दुमडतं आणि तळवा तोंडाकडे वळतो. बायसेप्सची दोन्ही कामं एका बकाण्यात होतात. हा व्यायाम आपण तान्हेपणी बोटं चोखण्यापासून करत आलो आहोत. तरीही दंड आला नाही, याचं कारण भडंगाला वजन नसतं.

पायरी ४: खुराक

अंग कमावणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमचं वजन ६० किलो असेल तर साधारण ९६ ग्रॅम. हा आकडा ऐकून घाबरून प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणायला धावू नका, आधी घरात पाहा. लिटरभर गाईच्या दुधात ३२-३३ ग्रॅम असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास, शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास, एका अंड्यात सहा. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहाएक ग्रॅम निघतात, म्हणजे भाकरीही आपला वाटा उचलते.

दुधाच्या बाबतीत हा तालुका भाग्यवान आहे. भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे. तुमच्या दंडाची वाट न बघता ती तेव्हापासून सुरू आहे.

बदामाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. दहा बदामांत प्रथिनं अडीच ग्रॅमच्या आसपास. पैलवानाच्या घरचा बदाम हा मुख्यतः पाहुण्यांना सांगण्यासाठी असतो. तूपही तसंच. ते ताकद देतं म्हणजे उष्मांक देतं, आणि उष्मांक जाळायला हजार बैठका असल्या तर ठीक. नसतील तर ते तूप बेटकुळीकडे न जाता तिच्या खालच्या मजल्यावर, पोटात, राहायला जातं.

पायरी ५: वाट पाहा

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजन जास्त उचललं जाऊ लागतं, पण टेप हलत नाही. यात फसवणूक नाही. आधी मज्जातंतू शिकतात, स्नायूंना एकत्र कामाला लावायला शिकतात. मांस नंतर वाढतं. या काळात नव्वद टक्के नवशिके जिम बदलतात, हा आमचा अंदाज आहे आणि त्याला कसलाही आधार नाही.

रोज दंडाचा व्यायाम करू नका. एकदा थकवलेल्या स्नायूला साधारण दोन दिवस द्या. या दोन दिवसांत पाय, पाठ, छाती यांचं करायचं असतं. नवशिका या दोन दिवसांत आरसा बघतो.

आकाराबद्दलही आताच ऐकून ठेवा. कोपर काटकोनात दुमडून वळीपासून उंचवट्यापर्यंत दुसऱ्या हाताची बोटं आडवी ठेवून पाहा. कुणाला एक बोट मावतं, कुणाला तीन. मांस कुठे संपून कंडरा कुठे सुरू व्हावा, हे आई-वडिलांनी ठरवलेलं असतं. ज्याचा कंडरा लांब, त्याची बेटकुळी उंच आणि आखूड. ज्याचा आखूड, त्याचा दंड भरीव आणि सपाट. व्यायामानं स्नायू जाड होतो, त्याची जागा सरकत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या दंडाचा फोटो प्रशिक्षकाला दाखवून "असाच पाहिजे" म्हणू नये.

पायरी ६: प्रदर्शन

प्रदर्शनाची आधी तयारी करा. फोटोच्या दहा मिनिटं आधी हलकं वजन भरभर उचला. स्नायूत रक्त साचून दंड फुगतो. हा फुगवटा अर्ध्या-एक तासात ओसरतो, म्हणून मित्राला वेळेवर बोलवा.

फ्लेक्ससाठी हाताची घडी घाला आणि मुठी दंडांच्या खाली सरकवून आतून बाहेर दाबा. न कमावलेला दंडही यानं वाढतो. चौकातल्या फ्लेक्सवर जेवढे भाऊ, दादा, आण्णा घडी घालून उभे असतात, त्यांच्या मुठी कुठे आहेत ते एकदा निरखून पाहा. आपापल्या जबाबदारीवर पाहा.

इथे तालुक्याच्या इतिहासातली एक अडचण येते. नागठाणे हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांचं गाव. या तालुक्यातल्या सर्वांत गाजलेल्या हातांवर शालूचा पदर होता आणि त्यांना बेटकुळीची गरज कधीच पडली नाही. मुंबई-पुण्याची माणसं ते हात पाहायला तिकीट काढत. तुमच्या फ्लेक्सला तिकीट नाही, तरीही त्याखाली थांबणारे बहुधा एस.टी.चीच वाट पाहत असतात.

पायरी ७: कुंडलचं मैदान

आता तुमचा दंड तयार आहे. तो घेऊन कुंडलच्या कुस्ती मैदानाला जा. बाही दुमडा. हलगी वाजत असेल तिथे उभे राहा. तुमच्याकडे कोणी बघणार नाही.

या मैदानात पैलवानाची पारख दंडावरून होत नाही. जाणती माणसं आधी कान पाहतात. मोडलेले, सुजून कडक झालेले कान म्हणजे माणूस मातीत किती घासला गेला त्याची नोंद. मग मान पाहतात, मग मनगट, मग उभं राहायची तऱ्हा. दंड शेवटी, तोही आला तर. सलामी झडते, मनगट मनगटाला भिडतं, मान दाबली जाते आणि पुढचा गडी एकेरी पट काढतो. पट काढताना हात पायाला मिठी मारतात, पण माणूस उचलला जातो तो मांड्या, कंबर आणि पाठीच्या जोरावर. पहिल्या पायरीवर ज्यांच्याकडे तुम्ही दुर्लक्ष केलं होतं ते मांडीमागचे दोन बायसेप्स इथे कामाला लागलेले असतात.

ही काही आजची गोष्ट नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं, ते ५७ किलो वजनगटात. सत्तावन्न किलो म्हणजे तुमच्या गावातल्या बारावीतल्या पोराचं वजन. तेवढ्या वजनात सांध्यांची चपळाई आणि डावांची घाई बसते. फ्लेक्सवर मावेल असा दंड बसायला जागा उरत नाही.

मैदानाहून परतताना वाटेवर डोळे उघडे ठेवा. दूध संकलनावर चाळीस लिटरचा कॅन टेम्पोत चढवणारा गडी दिसेल. चाळीस किलोंहून जास्त वजन तो रोज उचलतो. कॅन धरून चालताना त्याचं कोपर सरळ असतं; काम मुठीचं, खांद्याचं आणि पाठीचं. उसाच्या फडात बीडकडून आलेली जोडपी दिसतील. कोयता चालवून बांधलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई तुमच्या जिममधल्या कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त काम करते, आणि तिचा दंड साडीच्या वर घातलेल्या जुन्या शर्टाच्या बाहीत झाकलेला असतो. द्राक्षबागेत तासन्‌तास हात वर करून विरळणी करणारे दिसतील. यांतल्या कुणालाही बेटकुळी काढून दाखवा म्हटलंत, तर ते हसतील आणि कामाला लागतील.

इशारे

खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराच्या आत "टप्" आवाज येऊन दंडाचा गोळा एका बाजूला सरकला तर कंडरा तुटलेला असतो. कोपराजवळचा कंडरा बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांचा तुटतो, दुमडलेल्या हातावर अचानक मोठं ओझं आलं की. तेल लावून चोळत बसू नका. लगेच हाडांच्या डॉक्टरकडे जा. शस्त्रक्रिया लागलीच तर पहिल्या काही आठवड्यांत ती सोपी जाते.

ओळखीच्या माणसानं "भावा, फक्त आठ इंजेक्शनं" असं सांगून काही दिलं तर घेऊ नका. स्टिरॉइडनं दंड येतो हे खरं. त्याबरोबर यकृत आणि हृदयाचे विकार येऊ शकतात, वृषणं आकसतात, शुक्रजंतू घटतात. लग्नाच्या फोटोसाठी घेतलेलं औषध लग्नानंतर हिशेब मागतं.

शंकासमाधान

व्यायाम सोडला की दंडाची चरबी होते का?
होत नाही. मांस आणि चरबी वेगळे पदार्थ आहेत. व्यायाम सुटला की मांस आटतं, खुराक मात्र सुटत नाही, म्हणून चरबी येते. जुने पैलवान सुटतात ते तुपामुळे.

मुलींनी दंड कमावले तर हात पुरुषी होतात का?
होत नाहीत. ताकद वाढते. मार्च २०२३ मध्ये सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीची गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. हा प्रश्न तिला विचारून पाहायची कुणाची हिंमत झाल्याचं ऐकिवात नाही.

मग दंड कमवूच नयेत का?
जरूर कमवावेत. आठवड्यातून दोन दिवस, बाकीचं अंग कमावून झाल्यावर, शेवटी. पलूसमध्ये दंडाला किंमत आहे; ती तो दुसऱ्याच्या कामी येतो तेव्हा कळते. कृष्णेला पूर आला की नावेतून म्हातारी माणसं उतरवून घ्यायला जे हात पुढे येतात, त्यांचं माप कोणी टेपनं घेत नाही. तेव्हा बैठका मारा, दोर चढा, पाठ कमवा, आणि शर्टाची बाही शिंप्यानं शिवली तेवढीच राहू द्या.